लेखी द्या

२४ ऑगस्ट २०२४

गाडी पॉलिशला दिली. चतुर्थी जवळ आली. दारांच्या खालच्या भागावर लाल मातीचा थर बसलाय. शाळेच्या वाटेवर चिऱ्याचे ट्रक, त्यात पाऊस.

दुकानाच्या मालकाने नवीन मशीन आणलंय. भिंतीवर टांगलेलं दाखवलं. "उद्या येवा बाई. अशी चकचकीत करून देतंय की बघीतच रवशात."

२५ ऑगस्ट

गाडी आणली. चमकते खरी. साडेचार हजार फोनवरून दिले. बिल मागितलं. "पुस्तक संपला. मागाहून देतंय."

हे म्हणाले, आपल्याच बाजारातला माणूस, बिल कसलं मागतेस.

२६ ऑगस्ट

मालवणला राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा पुतळा पडला. गेल्या चार डिसेंबरला नौदल दिनी अनावरण झालेलं. नऊ महिनेही नाहीत. टीव्हीसमोरून उठवेना. जेवण गेलं नाही.

२७ ऑगस्ट

शिक्षकांच्या खोलीत दुसरा विषय नाही. बांधकाम खात्याने वीस तारखेलाच नटबोल्ट गंजल्याचं पत्र दिलं होतं म्हणे. चौथीतली एक मुलगी विचारते, बाई, महाराज परत उभे करतील ना?

होय म्हटलं.

२९ ऑगस्ट

दिवसभर पाऊस. नदीचं पाणी चढतंय. ह्यांनी आपल्या दुकानातली खालची पोती वरच्या फळीवर घेतली. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर बाजारपेठेत कुणी वाट बघत बसत नाही.

३१ ऑगस्ट

रात्री पत्रादेवीला पेट्रोल भरायला गेलो. गोव्यात स्वस्त म्हणून अर्धं बांदा तिकडेच भरतं. पंपावरचे मोठे पांढरे दिवे सरळ बॉनेटवर पडले.

गोल रेघा. तव्यावर घासणी फिरवावी तशा, एकात एक, सगळ्या बॉनेटभर.

ह्यांना दाखवलं. म्हणाले, दिव्यांमुळे दिसत असेल.

१ सप्टेंबर

बाराच्या सुमारास ऊन पडलं. गाडी अंगणात काढली.

दिव्यांमुळे नव्हे. बॉनेट, डावं फेंडर, डावं पुढचं दार. बॉनेटच्या डाव्या कडेला तळहाताएवढा डाग. तिथे चमक अजिबात नाही. निळा रंग खडूने घासल्यासारखा कोरडा. कडेवर नख फिरवलं तर अडकतं. त्याच्यावर कसलंसं पातळ लॅकर मारून झाकलंय, त्याचे ओघळ वाळलेत.

अंगणात किती वेळ उभी होते कोण जाणे. आईंनी हाक मारली तेव्हा आत आले.

ही गाडी अक्षय्य तृतीयेला घरी आली. पन्नाशीला आल्यावर गाडी शिकले. एसटी सकाळची एकच, ती चुकली की दीड तास. पतपेढीचं कर्ज माझ्या नावावर, हप्ता माझ्या पगारातून. कुणाकडे मागून आणलेली वस्तू नाही ही.

रात्री: १५ ऑगस्टचे फोटो सापडले. झेंडावंदनानंतर मुलं गाडीला टेकून उभी. बॉनेटमध्ये झेंडा दिसतो, काठीसकट, कड स्वच्छ. फोटोवर तारीख, वेळ. मुलाला पुण्याला पाठवले. त्याचं उत्तर: "आई, हे जपून ठेव. कुठेही पुसू नकोस."

२ सप्टेंबर

पॉलिशच्या दुकानात गेले. बाजारात पाय ठेवायला जागा नाही. गणपतीवरच्या माटवीचं सामान घेऊन बायका बसलेल्या, कवंडळं, शेरवडं, सुपारीची शिपटी. मालकाकडे दहा गाड्या उभ्या. मुंबईवाल्यांच्याही.

बॉनेट बघितलं. बोट फिरवलं. काही बोलला नाही. मग: "बाई, चतुर्थी जावंदे. मगे बघूया."

हे पटलं. चतुर्थीच्या तोंडावर कुणाचंच डोकं ठिकाणावर नसतं.

५ सप्टेंबर

शिक्षक दिन. मुलांनी जास्वंदीची फुलं दिली.

७ सप्टेंबर

गणपती आले. भावजी, जाऊबाई, पोरं भांडुपहून काल रात्रीच पोचली. पनवेलपासून सोळा तास.

भावजींनी गाडी बघितली. त्यांना कळतं, कंपनीच्या गाड्या सांभाळतात. म्हणाले, वहिनी, हे मशीनने जाळलंय. धूळ नीट न काढता मशीन फिरवलं. आपल्या चिऱ्याच्या धुळीत बारीक वाळूचे कण असतात, ते फडक्याखाली फिरले की रेघा. आणि कडेला रंग आधीच पातळ, तिथे मशीन थांबलं की तापून वरचं आवरण जातं. जाणता माणूस कडांवर आधी चिकटपट्टी लावतो.

मग आठ दिवस दिसलं कसं नाही? पॉलिशमधल्या तेला-मेणाने रेघा भरून निघतात. पावसाने ते मेण धुऊन नेलं.

म्हणजे घरी आणली त्या दिवशीच हे सगळं खाली होतं.

९ सप्टेंबर

रात्री भजन. मालक आमच्या वाडीच्या मंडळात पखवाज वाजवतो. दरवर्षी वाजवतो. हात फार चांगला आहे त्याचा. आज गजर उंच चढला, लहान पोरंसुद्धा नाचली. आईंनी डोळे पुसले.

काळ्या वाटाण्याची उसळ, पाव, चहा. त्याच्या हातात ताट मीच दिलं. "बाई, बरां?" "बरं." एवढंच. गाडी मांडवापासून दहा पावलांवर, ताडपत्रीखाली.

भावजी रात्री म्हणाले, आता कशाला विषय काढायचा वहिनी, गावात राहायचंय तुम्हाला.

हे गप्प.

माझ्या मनात राग नव्हता ताट देताना. खरंच नव्हता. पण तो पखवाज वाजवतो म्हणून बॉनेट बरं होत नाही. ह्या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता आल्या पाहिजेत.

१२ सप्टेंबर

गौरी-गणपती गेले. नदीला पाणी बरंच.

१४ सप्टेंबर

दुकान. आज वेगळाच माणूस.

"गाडी हयसून गेली तेवा बरी होती. तुमीच बघून पैसे दिल्यात. मगे आठ दिवसांनी काय झाला ता आमका कसा कळतला?"

फोटो दाखवले. म्हणाला, फोटोत सगळ्याच गाड्या चकचकीत दिसतात.

लॅकरचे ओघळ दाखवले. हे मी घरी मारलं का, विचारलं. उत्तर नाही. कामावरचा पोरगा फडकं हातात घेऊन खाली बघत उभा. हा माझा विद्यार्थी. अक्षर सुंदर होतं. दहावीनंतर शाळा सोडली.

शेवटी मालक: "परत एकदा मशीन मारतंय. फुकट. रेघो जातल्यो."

नको म्हटलं. रेघा जातात कारण आवरणच तेवढं घासलं जातं. आहे तेही जाईल.

बिल मागितलं. पुस्तक अजून आलं नाही.

१५ सप्टेंबर

आईंचं म्हणणं, मालकाच्या आजोबांनी आपल्याला पुराच्या वर्षी होडीतून काढलं. ते खरं आहे. ते मी विसरत नाही.

१८ सप्टेंबर

अर्धी रजा. शोरूमला गाडी नेली. बॉडीशॉपमधल्या मुलाने डबीसारखं एक यंत्र पत्र्यावर टेकवलं. आकडा येतो, मायक्रॉनमध्ये. हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर. छपरावर ११९. उजव्या दारावर ११६. बॉनेटच्या मध्यावर ९०. डाव्या कडेला ५८.

म्हणजे कडेचं अर्धं गेलं.

त्याने समजावलं. पत्र्यावर आधी विजेच्या आंघोळीतून बसवलेला गंजरोधक थर, वर प्रायमर, वर रंग, सगळ्यात वर पारदर्शक आवरण. ऊन झेलतं ते हे वरचं. ते गेलं की खालचा रंग दोन-चार पावसाळ्यांत फिका पडून पापुद्रे सुटतात. आपल्याकडच्या हवेत लवकरच.

हे लेखी द्या म्हटलं. वरिष्ठांना विचारून आला. "मॅडम, बाहेरच्या कामाबद्दल आम्ही लेखी देत नाही." खर्चाचा अंदाज मात्र छापून दिला: बॉनेट नव्याने रंगवणं, फेंडर आणि दाराला रंग मिळवून घेणं, १४,८००. यंत्राच्या आकड्यांचे फोटो काढू दिले.

निघताना हळू आवाजात एक सुचवलं. विम्यातून करा. गाडी कुठेतरी गेटला घासली असं लिहायचं, काम होऊन जाईल.

गेटला घासलेली नाही. पहिल्याच वर्षी दावा केला तर पुढच्या हप्त्यातली वीस टक्के सूट जाते, ते वेगळंच. पण मुळात खोटं मी का लिहू? चूक ज्याची त्याने भरावी एवढं साधं आहे, आणि त्यासाठी मला खोटी सही करायला सांगतायत.

२१ सप्टेंबर

सावंतवाडीला एक म्हातारे पेंटर आहेत, सत्तरीच्या पुढचे. भावजींनी फोनवर सांगितलं. मोती तलावाच्या मागच्या बाजूला शेड. आता हाताने काम करत नाहीत, बाकड्यावर बसून मुलांना सांगतात.

बॉनेटवर पाणी शिंपडलं. बाकी ठिकाणी थेंब गोळा झाले, डागावर पाणी पसरलं. ओलं बोट कडेवरून फिरवलं. मग चष्मा लावून खाली वाकून, आडव्या नजरेने बघितलं.

"मशीन जाळल्यानी. पोराचो हात नवीन दिसता."

दुरुस्त होईल का?

"होतला. पण कंपनीचो रंग तो कंपनीचो. थंय एकशे चाळीस डिग्रीत भाजतत. माज्याकडे साठ. तेच्या वर नेलंय तर रबर, प्लास्टिक सगळा वितळतला."

मी लेखी मागितलं. वाटलं, हेही नाही म्हणतील. त्यांनी नातवाला हाक मारली, शेडच्या नावाचा कागद मागवला, सांगून लिहून घेतलं: उन्हात तपासली, अमुक ठिकाणी आवरण उडालेलं, मशीनचा वापर चुकीचा, वर लॅकर मारून झाकलेलं. खाली सही. एकेक अक्षर जपून.

पैसे घेतले नाहीत. "खरा ता लिवन दिला, तेचे कसले पैसे."

गाडीत बसल्यावर रडू आलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी खरं ते कागदावर उतरवून दिलं.

२४ सप्टेंबर

पत्राचा मसुदा. पहिला फार रागाचा झाला. फाडला. दुसऱ्यातले 'बेजबाबदार', 'फसवणूक' हे शब्द काढले. वर्गात निबंध तपासताना मुलांना हेच सांगते, काय झालं ते लिहा.

गाडी कधी दिली. पैसे कधी, कसे दिले. काय दिसलं. कुणी काय तपासलं. काय मागते: दुरुस्तीचे १४,८००, आणि २५ ऑगस्टच्या कामाचं बिल. पंधरा दिवसांत उत्तर द्यावं.

मुलगा म्हणाला, इंग्रजीत लिहू या, वजन पडतं. ज्याला वाचायचं आहे त्याला मराठी येतं. मराठीतच राहू दे.

२५ सप्टेंबर

हे नको म्हणतात. ह्यांच्या दुकानातली काजू बी दरवर्षी मालकाच्या भावाच्या टेम्पोतून जाते. उद्या टेम्पो नाही म्हणाला तर? ही भीती खोटी नाही. पण पत्रात कुणाचा अपमान नाही, शिवी नाही. तोंडाने दोनदा सांगितलेलं कागदावर तिसऱ्यांदा सांगायचं, त्यात वैर कुठे आलं?

रात्री उशिरा म्हणाले, टाक. तुझी गाडी आहे.

२६ सप्टेंबर

रजिस्टर पोस्ट, पोचपावतीसह.

२८ सप्टेंबर

पोस्टमन शाळेच्या वाटेवर भेटला. अवघडलेला. "बाई, माका सांगला असतास तर मी असाच न्हेवन दिलंय असतंय. हयथंय तर दुकान."

म्हणूनच रजिस्टरने पाठवलं, म्हटलं. सही हवी होती.

३० सप्टेंबर

पोचपावती आली. सही मालकाच्या बायकोची.

बाजारात कळलंय. मासळीवालीने विचारलं, बाईनी नोटीस धाडल्यानी ता खरा? पत्र आहे म्हटलं, नोटीस नाही. तिला फरक वाटला नाही.

२ ऑक्टोबर

सर्वपित्री. वाडी ठेवली. मालकाची आई दरवर्षी आईंकडे येते, आज आली नाही.

४ ऑक्टोबर

मराठीला काल अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. परिपाठात मुलांना सांगितलं. टाळ्या.

संध्याकाळी मालकाची आई देवळाबाहेर भेटली. "गो बाय, माज्या झिलाक कोर्टात घालतंस?"

हात धरून सांगितलं, नाही घालत. दुरुस्तीचे पैसे मागितलेत. हात सोडवून घेतला नाही तिने. पण बोललीही नाही.

५ ऑक्टोबर

१९१५ ला फोन केला, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मराठीत बोलतात. तक्रार नोंदवली, नंबर मिळाला. फोनवरच्या बाईंनी स्पष्ट सांगितलं, छोटं स्थानिक दुकान असेल तर आम्ही कळवू शकतो, सक्ती करू शकत नाही. त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोग.

६ ऑक्टोबर

ग्राहक पंचायतीचं काम करणारे एक निवृत्त बँकवाले आहेत कुडाळला. त्यांच्याकडे गेले. माझी फाइल बघून खूश झाले. "कागद आहेत. बहुतेक लोक फक्त राग घेऊन येतात."

वहीत टिपून घेतलेलं:

ग्राहक संरक्षण कायदा २०१९. जुना १९८६ चा. नवा २० जुलै २०२० पासून लागू. आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, म्हणजे ओरोस. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लागत नाही. घडल्यापासून दोन वर्षांत. मराठीत चालतं. ऑनलाइन घरबसल्याही.

समोरच्याला उत्तराला तीस दिवस, आयोगाने वाढवले तर आणखी पंधरा. कायदा म्हणतो निकाल तीन महिन्यांत, वस्तूची तपासणी लागली तर पाच. प्रत्यक्षात वेळ लागतो, हेही त्यांनी लपवलं नाही.

मी विचारलं, मशीन बनवणारी कंपनी, पॉलिश बनवणारी कंपनी, ह्यांचं काय? मालक आता म्हणतोय पॉलिशच खराब होतं. त्यांनी गोव्यातला खटला सांगितला. २०११ साली एकाने नवी म्हणून घेतलेली गाडी २००९ची निघाली, ६२२ किलोमीटर चाललेली, खालचा पत्रा गंजलेला. सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, फेब्रुवारी २०२१ मध्ये निकाल. गाडी बनवणारी टाटा मोटर्स सुटली, कारण विक्रेत्याच्या ह्या व्यवहाराची तिला माहिती होती असं सिद्ध झालं नाही. विक्रेता सुटला नाही. "तुमचे पैसे कुणी घेतले? उत्तर त्याने द्यायचं."

बिंदुमाधव जोशींच्या आठवणी सांगत बसले. १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू झाली तेव्हा ग्राहकांसाठी वेगळा कायदाच नव्हता. तो यायला बारा वर्षं लागली. चहा तिथेच झाला.

निघताना म्हणाले, अजून एकदा समोर बसून बोला. आयोगही आधी तेच सांगतो, मध्यस्थीची सोय कायद्यातच आहे.

१० ऑक्टोबर

झोप नाही.

१२ ऑक्टोबर

दसरा. गाडीची पूजा. आईंनी बॉनेटवर झेंडूचा हार घातला, मुद्दाम मधोमध. मी तो डाव्या कडेला सरकवला नाही. डाग दिसतोय तर दिसू दे.

संध्याकाळी दुकानातला तो पोरगा सोनं द्यायला आला. बाकीची मुलं गेली तरी पायरीवरच. मग एकदम: "बाई, माजा चुकला. मशीन नवीन होता, माका कोणी शिकवूक नाय. शेट म्हणालो, चतुर्थीच्या आदी दहा गाडयो काढूक व्हयो."

लॅकर कुणी मारलं? त्याने सांगितलं. मी इथे लिहीत नाही.

आणि मग: "शेट माज्या पगारातले कापतत. आठवड्याक पाचशे. तुमचे पैशे देवक व्हये म्हणान."

मला एक छदाम दिलेला नाही आणि पोराकडून वसुली सुरू.

इतके दिवस राग येऊ दिला नव्हता. आज आला. पगार आठवड्याला अडीच हजार. घरी आई, दोन बहिणी. मशीन मालकाने आणलं, पैसे मालकाने घेतले, दहा गाड्यांची घाई मालकाची. आणि भरायचं त्याने?

१३ ऑक्टोबर

ह्यांना सांगितलं. पहिल्यांदा ह्यांचा आवाज चढला. "हे नाही चालणार." उद्या मीच येतो म्हणाले.

१४ ऑक्टोबर

दोघं गेलो. दुकान बंद व्हायच्या वेळी, गिऱ्हाईक नसताना. हे, मी, मालक. पोराला त्याने लवकर घरी पाठवलं होतं, ते बरं झालं.

फाइल उघडून समोर ठेवली. म्हाताऱ्या पेंटरचा कागद त्याने दोनदा वाचला. ते नाव ऐकून आहे तो. त्याचे वडील त्यांच्याच हाताखाली काम शिकलेले, हे मला माहीत नव्हतं.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग म्हणाला, मशीन कर्ज काढून आणलंय. पंचेचाळीस हजार. चतुर्थीत निघेल असं वाटलेलं. तुम्ही पत्र पाठवल्यापासून गाड्या कमी आल्या.

मी कुणालाही येऊ नको म्हटलं नाही, सांगितलं. खरंच म्हटलेलं नाही.

चौदा हजार आठशे एकदम जमणार नाहीत. त्या पेंटरांकडे केलं तर? त्यांनी अंदाज दिला होता दहाचा. मला शोरूमच्या कागदापेक्षा त्यांचा हात जास्त विश्वासाचा वाटतो. मान्य केलं. दोन भागात: पाच आता, पाच दिवाळीनंतर.

"लिवन कित्या व्हया? माजो शबुद आसा ना."

माझाही शब्द आहे, म्हटलं. दोघांचे लिहू.

मग माझी अट. पोराच्या पगारातून एक रुपया कापायचा नाही. कापलेले परत द्यायचे. हे ऐकून त्याचा चेहरा लाल झाला. तो आमचा आतला मामला, म्हणाला. ह्यांनी तेव्हा तोंड उघडलं. "माझ्या दुकानात पोतं भिजलं तर हमालाकडून घेतो का मी?"

गप्प झाला.

फूलस्केपवर मीच लिहिलं. रक्कम, दोन तारखा, पोराच्या पगाराचं कलम, आणि पैसे पूर्ण मिळाल्यावर मी आयोगाकडे जाणार नाही, हे माझ्या बाजूने. दोघांच्या सह्या. साक्षीदार म्हणून शेजारचा झेरॉक्सवाला. त्याने कॉपी काढून दिली, पैसे घेतले नाहीत.

बाहेर आल्यावर ह्यांनी गाडीची चावी मागितली नाही. मीच चालवली.

१८ ऑक्टोबर

निवडणूक प्रशिक्षणाची ऑर्डर आली.

२१ ऑक्टोबर

पाच हजार फोनवर आले. पावती लिहून दुकानात नेऊन दिली. त्याने वाचून खिशात ठेवली. "बसा" म्हणाला. बसले नाही, घाईत होते. पण म्हणाला.

२८ ऑक्टोबर

गाडी सावंतवाडीला सोडली. तीन दिवस एसटी.

म्हाताऱ्यांनी बॉनेट काढून घेतलं. ओघळ वॉटर पेपरने उतरवले. रंग मिसळताना मला बोलावलं. एक पत्र्याचा तुकडा रंगवून उन्हात माझ्या दाराला टेकवला, बाजूला झाले. "बगा." थोडा जास्त हिरवा. परत. आता काळसर. परत. नातू कंटाळला, ते नाही. धातूची भुकटी असलेला रंग समोरून एक दिसतो, बाजूने दुसरा, म्हणून गाडीभोवती फिरून बघायचं.

असं काम बघत दिवसभर उभं राहावंसं वाटतं.

३१ ऑक्टोबर

पहाटे कारीट फोडलं. पोहे पाच तऱ्हेचे. गाडी काल संध्याकाळी आणली.

सावलीत काहीच कळत नाही. उन्हात, डाव्या बाजूने, फेंडर आणि दार मिळतात तिथे एक छटा. ज्याला माहीत आहे त्यालाच दिसेल. मला दिसते. मला ती दिसत राहणार आणि ते मला मान्य करावं लागेल. मे महिन्यात घरी आलेली गाडी ती आता नाही.

आठवडाभर धुवायची नाही, महिनाभर मेण लावायचं नाही. त्यांनी बजावलंय.

२ नोव्हेंबर

पाडवा. मालकाच्या आईने आईंसाठी करंज्या पाठवल्या.

१५ नोव्हेंबर

दुसऱ्या हप्त्याची तारीख. आला नाही.

१६ नोव्हेंबर

नाही.

१९ नोव्हेंबर

मतदान यंत्रं घेऊन केंद्रावर. रात्र शाळेच्या वर्गात. उद्या पहाटे साडेपाचला अभिरूप मतदान. डास.

पैशांचा विचार इथेही येतोय. पाच हजारांसाठी नव्हे. सही केलेला कागद खोटा पडला तर ह्यांना, भावजींना, आईंना, त्या पोराला मी काय सांगू?

२१ नोव्हेंबर

रात्री अडीचला घरी. यंत्रं जमा करायलाच तेवढा वेळ. दुपारपर्यंत झोपले.

उठून फोन बघितला. चार हजार आलेत. सोबत संदेश: "बाई एक हजार सोमवारी. गावात नव्हतंय."

२५ नोव्हेंबर

हजार आले. शेवटची पावती लिहिली. द्यायला गेले तर काउंटरवर नवं बिलबुक, कार्बन लावलेलं. २५ ऑगस्टचं माझं बिल त्याने त्यावरच फाडून दिलं, तारीख जुनी न घालता आजची घातली आणि खाली लिहिलं, 'काम दि. २५-८-२४ रोजी केलेले'. हे त्याने स्वतःहून केलं.

भिंतीवरच्या मशीनखाली चिकटपट्टीची गुंडाळी टांगलेली.

पोरगा आत एक गाडी पाण्याने धूत होता. मालक आत गेला तेव्हा त्याला विचारलं. कापणं बंद झालंय. कापलेल्यांतले हजार परत मिळाले, पाचशे राहिलेत.

कागदात तेही आहे. मालक बाहेर आल्यावर म्हटलं, पोराचे पाचशे. म्हणाला, शनिवारच्या पगारात.

शनिवार तीस तारखेला. दुपारची शाळा नाही. जाईन.